नुसतं आमेन

६ एप्रिल

ती. बाबांस,
प्रेमाचा सलाम. वि. वि. सगळे बरे आहोत असं लिहायला घेते आणि तिथेच अडते. माझी टिचकी बरी नाही. ताप वगैरे काही नाही, पण आजी गेल्यापासून तिने प्रार्थना सोडली आहे. परवा तर पाळकसाहेबांना तोंडावर म्हणाली की माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे.

चूक माझी. आई आजारी असताना मीच तिला सांगितलं होतं की लहानांचं देव आधी ऐकतो. पोरीने गुडघे टेकून टेकून लाल केले. आता कोणत्या तोंडाने समजावू? हे म्हणतात, निवळेल. मला भीती वाटते, आईने जे मला दिलं ते माझ्या हातून हिच्यापर्यंत पोचणारच नाही.

सुट्टीत तिला तुमच्याकडे पाठवते. आई घ्यायची तशी तिच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्या. आणि सायकलच्या दुकानातला तेलकट सदरा चर्चला घालून जात जाऊ नका. पाळकबाई मला सगळं कळवतात.

माया असू द्या.
तुमची लेक

१४ एप्रिल

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद. टिचकी सुखरूप पोचली. सदरा धुतला आहे, पाळकबाईंना कळव.

काम मोठं सांगितलंस, पण माणूस चुकीचा निवडलास. या घरात मोठ्याने प्रार्थना करायची ती तुझी आई. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला मी अडखळलो, तिने पुढचं सावरून घेतलं, आणि ते काम कायमचं तिच्याकडे गेलं. मी शेवटी नुसतं आमेन म्हणायचो. आता ताटावर डोळे मिटतो, पण आमेन कशाला म्हणायचं तेच कळत नाही.

हे सगळं टिचकीला सांगून टाकलं. तिने विचारलं, मग तुम्ही उपाशी राहता का? म्हटलं, जेवतो, पण चोरासारखा.

काल दुकानात आम्ही एका चाकाचे आरे ताणत बसलो होतो. हात काळेकुट्ट. मान वर न करता ती एकदम बोलायला लागली, "देवा, मी आजोबांसाठी बोलतेय, माझ्यासाठी नाही. आजीला तू बरं केलं नाहीस. मला अजून राग आहे. बस, एवढंच."

पान्हा हातात धरून मी तसाच बसलो. असल्या प्रार्थनेला आमेन म्हणावं का? तुझ्या आईने काय केलं असतं, ठाऊक नाही. पण त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी आमेन म्हटलं.

तुला राग आला तर मला रागाव, तिला नको.
तुझा, बाबा

२१ एप्रिल

ती. बाबांस,
सलाम. आधी राग आलाच. म्हटलं, म्हातारा पोरीला बिघडवतोय. मग पत्र पुन्हा वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलेलंही कळलं नाही.

तिला सुट्टी संपेपर्यंत ठेवून घ्या. घरी आली की मी काही समजावणार नाही. आधी तिची माफी मागेन. मग तिची हरकत नसेल, तर तिच्याजवळ बसून देवाला माझाही राग सांगेन. मला तो आहे, बाबा.

तिथे तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा.
तुमचीच, लेक