मनू पत्र्यावर गेली तेव्हा

ती. नलूताईस,

लालबागहून धाकट्या इरावतीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची शुगर आणि कलमांवरचा आंबा, तिघांचीही खुशाली कळव. आम्ही इकडे सुखरूप आहोत. (हा शब्द एरवी सवयीने लिहिला जातो. या वेळी त्यातलं अक्षर न् अक्षर मनापासून आहे.)

हातात फोन असताना इरा पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. कारण माझा आवाज बसला, आणि बसला तो पार तळाला जाऊन. मसाल्यासाठी मिरची कांडायला गेले होते, सोबत मनू. नऊ वर्षांची घोडी, ताज्या तिखटाच्या परातीत कोपरापर्यंत हात घालायला निघाली. मी "मनू!" म्हणून जी ओरडले, तीच शेवटची हाक. (मनू थांबली नाही. गिरणीवाल्याने घाबरून गिरणी थांबवली.) दादरच्या डॉक्टरांनी घसा तपासून विचारलं, "शाळेत शिकवता का?" मी मानेने नाही म्हटलं आणि मनूकडे बोट दाखवलं. त्यांनी समजून घेतलं आणि मौन सांगितलं. कुजबुजसुद्धा बंद, तिने म्हणे घसा जास्तच ताणला जातो.

घरात सण असल्यासारखं झालं. उन्मेष ऑफिसातून वेळेवर येऊ लागला. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) मनूला तर रान मोकळं. मी डोक्यावर तांब्या ओतल्याची खूण करून आंघोळ सांगावी, तर ती सरबत करून मागायची. पुस्तकाची खूण केली की म्हणे, "आई टाळ्या वाजव म्हणतेय," आणि वाजवायची. माझे सासरे, अप्पा, कापडगिरणीत साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेले. त्यांचा साधा आवाजही परळपर्यंत जातो. ते माझ्या वाटचं ओरडू लागले. मनूवर परिणाम शून्य. आमच्या घरात ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर, चालू आहे एवढंच कळतं.

शनिवारी दुपारी गॅलरीत बॅडमिंटन चाललं होतं. फूल उडालं ते मागच्या बोळावरच्या सिमेंटच्या पत्र्यांवर. ते पत्रे जुने, कावळा बसला तरी कुरकुरणारे, खाली दोन मजले खोल फरशी. आणि मनू जिन्याच्या खिडकीतून बाहेर! मध्यावर पोचली आणि पत्रा कट्‌कन वाजला. ती रांगत होती तशीच थिजली.

ताई, सगळी चाळ गोळा झाली गं. वरच्या मजल्यावरून "मागे फिर", खालून "पुढे सरक", समोरच्या रमाबाई "उभी राहा, उभी राहा", आणि सगळ्यांवर अप्पा, "गो चेडवा, हलां नको, थंयच बस!" पोरगी एकदा इकडे वळे, एकदा तिकडे, आणि प्रत्येक वळण्याला पत्रा कुरकुरे. मी खिडकीत कमरेपर्यंत वाकले, तोंड उघडलं, तर आत नुसती हवा. डॉक्टरांची क्षमा मागून मी कुजबुजले, "मनू, माझ्याकडे बघ."

तिने बघितलं. माझे ओठ हलताना दिसले असावेत. आणि माझी ती कधी काही न ऐकणारी मुलगी साऱ्या चाळीवर खेकसली, "गप्प बसा ना सगळे! आई बोलतेय, मला ऐकू येत नाहीये!"

चाळ गप्प. अप्पासुद्धा! मग मी हळूहळू सांगितलं, बोल्टांच्या रांगेवर हात ठेव, तिच्याखाली लाकूड आहे. पोटावर झोप. आता पाय माझ्याकडे सरकव, घाई नको. ती एकेक शब्द ऐकून तसंच करत गेली. घोटा हाताला लागला तशी मी तिला जी ओढली, ती आम्ही दोघी जिन्यात येऊन पडलो. (फूल अजून पत्र्यावरच आहे.)

मला रडू येत होतं, हसू येत होतं आणि ओरडायचं तर चिकार होतं, पण कशाने ओरडू? ती बोलणी खायला तयार होऊन बसली होती. बोलणी येईनात, तेव्हा तीच म्हणाली, "तू ओरडतेस ना, तेव्हा मला नुसता आवाज ऐकू येतो. तू काय म्हणालीस तेच कळत नाही."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं.

तेव्हापासून मी पाटीवर लिहून दाखवते, ती जवळ येऊन वाचते आणि शांतपणे ऐकून घेते. ऐकते म्हणजे करतेच असं नाही. आता ती शांतपणे "का?" विचारते, आणि उत्तर लिहिता लिहिता माझा भात लागतो. तरी, ताई, जीव भांड्यात पडला आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
इरा

ता.क. : मे महिन्यात मनूला देवगडला पाठवू का? झाडावर चढली तर खाली उभी राहून ओरडू नकोस, जवळ जाऊन सांग. (शिडी ठेवलेली बरी.)

आणखी ता.क. : आवाज मंगळवारीच परत आलाय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. चाललंय ते इतकं बरं चाललंय! पण न बोलून पोट फुगलंय गं. दुपारी मनू शाळेत आणि अप्पा झोपलेले असतात, तेव्हा फोन कर. मला कुणाशी तरी कडकडून भांडायचंय.