पिशवीची फितुरी

सोमवार, ३ मार्च
टॉवर क्रेन चालवायला लागून एकोणीस वर्षं झाली. सकाळी वर केबिनमध्ये गेलो की जेवणाच्या सुट्टीलाच खाली. मध्ये एकदाही उतरलो नाही. बाकीचे ऑपरेटर वर बाटली नेतात. शी! साइटवर माझं नाव आहे ते उगीच नाही.
आज मात्र दहालाच लघवीला लागली. चहाचा दोष. उद्यापासून चहा बंद. पाणीही बंद.

बुधवार, ५ मार्च
पाणी बंद, तरी लागते. आत काही नाहीच तर लागते कशाला? शुद्ध नाटकं. रात्रीही झोपू दिलं नाही. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. तिला समजावलं की ब्लॅडर हाही स्नायूच, व्यायाम दिला की सुधारतो. रोज थोडं जास्त रोखायचं. महिन्याभरात पिशवी पहिल्यासारखी.

सोमवार, १० मार्च
व्यायाम चालू. प्रगती उत्तम.
सळयांचा गठ्ठा उतरवताना नेमकी कळ आली. पाय आवळले, हात हलला, गठ्ठा परांचीला घासून गेला. कुणाला इजा नाही. सुपरवायझरने वॉकीटॉकीवर विचारलं, काय झालं? वारा, म्हणालो. खाली गेटवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, तेवढं त्याने बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, ११ मार्च
घात! सुपरवायझरने घरी फोन करून विचारलं, यांना चक्कर येते का. बायकोने सरळ सांगून टाकलं, चक्कर नाही हो, लघवी. कुणाबरोबर संसार केला मी? आता डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत वर चढायचं नाही, असा हुकूम. ती उलट मलाच म्हणते, परांचीवर माणसं असतात. आजपासून तिच्याशी अबोला.
रात्री मीठ मागावं लागलं. ते धरायचं नाही.

शुक्रवार, १४ मार्च
डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला भारी. म्हणाल्या, चांगल्या पिशवीची भिंत लवचिक असते. लघवी साठत जाते तशी ती ताणली जाते, आतला दाब फारसा वाढत नाही, म्हणून बराच वेळ पत्ताही लागत नाही. माझं प्रोस्टेट वाढून वाट अडलीय. पिशवी वर्षानुवर्षं जोर लावत बसली, वर माझं रोखणं. भिंत जाड आणि ताठ झालीय, ताण घेत नाही. थोडं भरलं की दाब चढतो आणि कळ येते. असंच चाललं तर किडनीला धोका.
म्हणजे पिशवी कणखर झालीय, असंच ना, मी विचारलं. बाई नाही म्हणाल्या. शब्दांचा खेळ.
मंगळवारी टेस्ट. नळीने पाणी भरणार, दाब मोजणार, जाणीव झाली की मी सांगायचं. मी सांगितलं तर ना! केबिन माझीच.

मंगळवार, १८ मार्च
ठरवल्याप्रमाणे गप्प राहिलो. पाणी चाललं होतं. बाई विचारत होत्या, काही वाटतंय? छे. आता? अजिबात नाही. कपाळावर घाम. स्क्रीनवरची रेघ मात्र वर वर. बाई म्हणाल्या, दाब एवढा चढलाय आणि खरंच काही वाटत नाही? नाही म्हणालो आणि त्याच क्षणी टेबल भिजलं.
जिचा मी जन्मभर अभिमान बाळगला, तिनेच परक्या बाईंसमोर तोंडघशी पाडलं. फार लागलं मनाला.

सोमवार, २४ मार्च
गोळ्या सुरू. वरचं काम बंद. मी खाली उभा राहून सिग्नल देणार, केबिनमध्ये दुसरा. तात्पुरतंच आहे. दोन दिवसांत हातापाया पडत येतील.

बुधवार, २ एप्रिल
अजून कुणी आलेलं नाही.
नवा ऑपरेटर पन्नाशीचा, ढेरपोट्या. आज सकाळी ऐन कामात वॉकीटॉकीवर म्हणाला, खाली येतोय, लघवीला जायचंय. मनात म्हटलं, संपला हा. सुपरवायझर म्हणाला, या. गवंडी सावलीत टेकले. तो रमतगमत उतरला, जाऊन आला, परत चढला. काम सुरू झालं. कुणी चकार शब्द काढला नाही.
दुपारी राहवेना. सुपरवायझरला गाठून विचारलं, हे असं चालतं? म्हणाला, पहिल्यापासून चालतं. मग मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं का नाही?
तो खरोखरच गोंधळला.
"तुम्ही कधी उतरलाच नाहीत, काका. आम्हाला वाटायचं, तुम्हाला लागतच नाही."