मधला एक दिवस

कारमार्थेन, वेल्स
ऑगस्ट १८३८

काका,

लोकांसमोर हेच म्हणायचं, हे तुम्ही मला जमैकाहून आणताना बोटीतच पढवलंत. या कागदापुरतं मात्र बाबा म्हणते.

काल चर्चमध्ये गुलाम सुटल्याची प्रार्थना झाली. नंतर प्रोबर्टबाई आपल्याकडे जेवायला होत्या. त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, तुमच्या उसाच्या मळ्याचं बरंच नुकसान झालं असेल, नाही?"

तुम्ही मटण कापता कापता हसलात. "सरकारनं मागंच दर गुलामामागं पैसे भरून दिले की! जूबा स्वयंपाकीण माझ्या वाट्याची, तिचे तर चांगले आले."

माझ्या हातातला रस्सा सांडला. तुम्ही म्हणालात, "पुतणी जरा वेंधळीच आहे आमची."

जूबा माझी आई. लहानपणी तिला आणा म्हणून मी रडायचे, तेव्हा तुम्ही समजूत घालायचात, "मळा भावाभावांत आहे गं, ती माझ्या एकट्याची थोडीच आहे?" काल बाई गेल्यावर मी पुन्हा विचारलं, तर म्हणालात, "ती आता स्वतंत्र आहे. तिला आणणारा मी कोण?"

वा, वकीलसाहेब! आधी ती तुमच्या एकट्याची नव्हती, आता तुमची कुणीच नाही. मधे एकच दिवस ती पुरती तुमची होती. पैसे घेतलेत त्या दिवशी.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. यातूनही तुम्ही एखादं कलम काढाल. एवढंच विचारायचं होतं, नुकसान तुमचं झालं, तर आई कुणाची गेली?

लोकांसमोर तुमची पुतणी,
केझाया