चुन्यावरची रेघ

सर, काकू सध्या माझ्याकडे आहेत. आत्ता स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्यात आणि मी दार लोटून हे लिहितेय, कारण त्यांच्या हाती हा कागद लागला तर माझी धडगत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः कॉलेजात शिकवते, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की अजून वाक्य आधी मनात घोकून घेते.

तुमच्या लॅबमधला तो दिवस आठवतो. मशीनखाली काँक्रीटचा कॉलम उभा आहे, तुम्ही स्वतः ब्रशने त्याला चुना फासलाय. करड्या काँक्रीटवर केसाएवढी चीर दिसत नाही, पांढऱ्यावर ती लपत नाही, म्हणून. भार चढतोय, आम्ही सगळे श्वास रोखून उभे आणि मी एकदम ओरडते, "सर, क्रॅक!" तुम्ही मशीन थांबवता. भिंग घेऊन चारही बाजू बघता. काहीच नसतं. "बघितलंस, की वाटलं?" मी बोट दाखवायला जाते, जागाच सापडत नाही. "जे डोळ्यांनी बघितलं नाही ते बोलायचं नाही. उद्या तुझ्या शब्दावर माणसं घर सोडतील." अख्ख्या वर्गासमोर! इतका राग आला होता तुमचा, की त्या रात्री मी जेवले नाही. मशीन पुन्हा सुरू केल्यावर तो कॉलम एका दणक्यात गेला, कारण त्याच्या उभ्या सळ्यांना धरून ठेवणाऱ्या रिंगा तुम्ही मुद्दाम लांब लांब बांधल्या होत्या. दुसऱ्या कॉलममध्ये त्या जवळ जवळ होत्या. तो कडकडला, त्याचे ढलपे पडले, तरी बराच वेळ उभा राहिला. "रिंगा असल्या की कॉलम सांगून जातो, नसल्या की न सांगता," तुम्ही म्हणालात. हे मी दरवर्षी मुलांना सांगते, तुमचं म्हणून सांगते.

मध्यंतरी मुलांना घेऊन तुमच्याच सोसायटीत गेले. मुलुंडमधल्या जुन्या इमारतीचे पार्किंगमधले कॉलम दाखवावेत, मग काकूंकडे चहा, एवढाच बेत होता. गणपतीच्या आधी सोसायटीने सगळ्या कॉलमना चकचकीत टाइल्स लावून घेतल्या होत्या आणि दिसत होतं झकास, खोटं कशाला बोलू. एक मुलगी हातोडीने वाजवत वाजवत कोपऱ्यात गेली आणि थांबली. "मॅडम, इथे पोकळ वाजतंय ना." तो तुमच्या हॉलखालचा कॉलम. मी टाइल उचकटायला घेतली तसे सेक्रेटरी धावत आले. "अहो मॅडम, नवीन काम आहे, वाट लावताय तुम्ही त्याची!" टाइलबरोबर काँक्रीटचा पापुद्राच हातात आला. आतल्या रिंगा गंजून गेलेल्या, एक उभी सळी बाहेरच्या अंगाला वाकलेली आणि तिथून काँक्रीटमध्ये वर गेलेली एक बारीक चीर. मुलांना मी गेटबाहेर पिटाळलं.

ही विंग आत्ताच्या आत्ता रिकामी करा, मी सेक्रेटरींना सांगितलं. "रविवारी मीटिंग घेऊ, तुम्ही लेखी द्या," ते म्हणाले. वर कुणाकडे तरी फोडाफोडी चालली होती, डेब्रिजच्या गोण्या घरातच रचलेल्या, म्हणजे तेवढा भार कॉलमवर वाढलेला. मी पालिकेला फोन लावला, टेकू लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला लावला. तो यायला वेळ होता. मग नाक्यावरून चुना आणला, चिरेच्या आजूबाजूला फासला आणि चीर जिथे संपत होती तिथे पेन्सिलने आडवी खूण केली. "ही रेघ खुणेच्या पुढे गेली, तर रविवारची वाट बघायची नाही," मी म्हटलं. सेक्रेटरी हसले, पण तिथून हलले मात्र नाहीत.

मनात एकदा म्हणत होते, वाढू दे, म्हणजे यांना पटेल. आणि लगेच म्हणत होते, नको, वाढू नको. दुपारी सेक्रेटरीच ओरडले, "मॅडम, ही पुढे गेली का हो?"

"बघितलंत, की वाटतंय?" माझ्या तोंडून गेलं. मी वाकून बघितलं. गेली होती. सेक्रेटरी जिन्याकडे पळत सुटले. "खाली या! जसे आहात तसे खाली या!"

सगळे उतरले, काकू सोडून. मी वर गेले तर त्या तुमच्या फोटोखाली खुर्चीत बसलेल्या. "ह्यांनी बघून घेतलंय हे घर. ह्यांना कॉलममधलं कळत होतं ना? मग झालं तर." मी गंज सांगितला, रिंगा सांगितल्या, मुलांना शिकवते तसं सगळं सांगितलं. "तू ह्यांच्यापेक्षा शहाणी झालीस का गं?" खालून माझ्या नावाने हाका येत होत्या. मी त्यांचा हात धरला. "काकू, सरांनीच सांगून ठेवलंय मला. शेवटच्या आजारपणात. म्हणाले, कॉलमवर कधी रेघ दिसली तर कुणाचं ऐकू नकोस, आधी हिला खाली आण."

काकू उठल्या, गॅस बंद केला, तुमचा फोटो काढून पदराखाली घेतला आणि माझ्यापुढे जिना उतरल्या.

आता टेकू लागलेत, गोण्या उतरवल्यात, दुरुस्ती होईपर्यंत विंग बंद आहे. इमारत उभी आहे, सर. पण तुम्ही मला तसं काही म्हणाला नव्हतात. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही फक्त पाणी मागितलं होतंत.

काकूंनी ते वाक्य धरून ठेवलंय. फोनवर बहिणीला सांगतात, "माझी काळजी होती गं ह्यांना. मला मेलीला कधी बोलले नाहीत." रोज संध्याकाळी चहा घेताना मला विचारतात, "अजून काय म्हणाले होते?" सुरुवातीला मी विषय बदलायचे. त्या कप हातात धरून तशाच बसायच्या. हा कागद मी आज फाडणार आहे. काल त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी त्यांना तुमचं अजून एक वाक्य सांगितलं.