चुकलं तर टोका

४ ऑगस्ट

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

आमच्या शाळेने नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देशातल्या एका शाळेशी जोडी जमवली आहे. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या आजोबा-आजींकडून महापुराची आठवण मागवायची आणि अदलाबदल करायची. अट एकच, आठवण हाताने लिहिलेल्या पत्रातच हवी. तुम्ही तेव्हा टेलिफोन ऑफिसात होता, म्हणजे माझा पहिला नंबर पक्का! आजीला विचारत नाही. त्या लोकांचं नाव काढलं तरी ती भरल्या ताटावरून उठते.

आळस करू नका, लोभ आहेच.

तुमची टकळी

११ ऑगस्ट

चि. टकळीस अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहिण्यासारखं फार नाही. त्यांनी न कळवता धरणाचे दरवाजे उघडले. फोन आलाच नाही, नाहीतर भोंगा वाजवला असता. खालच्या आळीतली एकशे चाळीस माणसं गेली. त्यात मावशीकडे खेळायला गेलेली तुझी चार वर्षांची आत्याही. एवढं पुरे.

सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग पंधरा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तुझ्या आजीचे वटारलेले डोळे तेवढे दिवस दिसणार नाहीत, ही माझी हक्काची रजा.

आजोबा

२ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न.

पट्टी एव्हाना निघाली असेल. हे पत्र एकट्याने वाचा आणि फाडून टाका.

तिकडच्या मुलीचे आजोबा धरणावर कामाला होते. ते लिहितात, दरवाजे उघडायच्या दोन तास आधी त्यांनी इकडे फोन केला. इकडच्या माणसाने निरोप लिहून घेतला आणि म्हणाला, आता वाचून दाखवतो, चुकलं तर टोका. चौकशीत इकडच्या वहीत नोंद सापडली नाही, म्हणून त्यांची नोकरी गेली, गावाने बोलणं टाकलं. आता ते अंथरुणाला खिळले आहेत आणि विचारतात, तो माणूस कोण होता.

आजोबा, वाणसामानाची यादी लिहून घेतानाही तुम्ही हेच म्हणता. तुम्ही नाही म्हणा, मी विश्वास ठेवीन.

टकळी

९ सप्टेंबर

चि. टकळीस तुझ्या आजीचे आशीर्वाद.

डोळ्यात पू झाला, पट्टी अजून आहे. म्हणून तुझं पत्र मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एकट्याने वाचा म्हटलंस तिथे मला हसू आलं, आणि मी पुढे वाचत गेले. तुझा यात दोष नाही, रडत बसू नकोस.

ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी निरोप घेतला होता. पण साहेबांच्या सहीशिवाय भोंगा वाजवायला मनाई होती आणि साहेब जागेवर नव्हते. हे वही उघडी ठेवून सहीची वाट बघत बसले. भोंग्याचं बटण हाताशी होतं. पाणी ओसरल्यावर, मी चिखलात पोरीला शोधत होते तेव्हा, यांनी ते पान फाडलं.

सत्तेचाळीस वर्षं मी त्या परक्या माणसाला शिव्याशाप दिले. रडून रडून घसा सुकला की हेच मला पाणी आणून द्यायचे.

सोबतचा कागद त्या आजोबांना पाठव. सांगितलं यांनी, अक्षर माझं. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवला आणि चुकलं तर टोका म्हटलं. त्यांनी टोकलं नाही. पण सही करायला हात उचलेना. मी सहीसाठी थांबले नाही, पाकीट चिकटवलं.

माझ्यावर लोभ असू दे. त्यांच्यावर असू दे, असं आज मला लिहवत नाही.

आजी