दिसायला वाईट, स्वीकार आहे

बँकॉक, पाहुणेघर, तिसरा मजला (लिफ्ट बंद आहे)
गुरुवार, दुपार

माझ्या थोरल्या बहिणीला, तुआ-चीला, धाकट्या गाइक इमचं दोन्ही हात जोडून आणि कंबर परवानगी देईल तेवढं वाकून विचारणं, की जेवलीस का? पत्र सकाळी पोचलं तर न्याहारीचं विचारलं असं समज, रात्री पोचलं तर झोप आणि उद्या वाच. गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तू त्यावर आल्याचा लेप लावत होतीस आणि शेजारीण म्हणाली म्हणून वर कोबीचं पान बांधत होतीस. बरा झाला असेल तर लेपाने, बिघडला असेल तर शेजारणीने. टेलिफोन करणार होते, पण तुझ्या कानांचं हे असं, काहीही विचारलं तरी पलीकडून 'हो, जेवले' एवढंच येतं. म्हणून लिहायला बसले. मला लिहायला किती येतं ते तुला ठाऊक आहे. शाळेत दोन वर्षं गेले, त्यातलं एक वर्गाबाहेर उभं राहण्यात गेलं. तरी तुझी सून वाचून दाखवेलच. (सूनबाई, कंसातलंही मोठ्याने वाच. गेल्या पत्रातलं तू काय काय गाळलंस ते मला कळलं आहे.)

आम्ही इथे कशाला आलो ते तुला माहीत आहे, पण सुनेसाठी सांगते. माझ्या पोराला, बेंग हॉकला, आणि त्याच्या बायकोला, लेचूला, सहा वर्षं औषधं, तीन डॉक्टर आणि अकरा देवळं करून मूल झालं नाही, तेव्हा त्यांनी इथल्या अनाथघरातली दोन भावंडं दत्तक घ्यायचं ठरवलं. पोरगी सहा वर्षांची, पिम. पोरगा चार वर्षांचा, तोंग. पोरं न्यायची तर घरातल्या सगळ्यांनी समोर हजर राहायचं असा इथला नियम, आणि घरात मी आहे. म्हणून सहासष्टाव्या वर्षी मला विमानात बसवलं. विमानाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. कमरेला पट्टा बांधून कागदाच्या डब्यातलं जेवण देतात, आणि ते जेवण बघितल्यावर पट्टा कशाला बांधला ते कळतं. मी बरोबर बेलाचानची, आंबवलेल्या कोळंबीची, मोठी वडी घेतली होती, कारण परमुलुखात वाटण कोण करून घालणार. इथल्या विमानतळावरच्या शिपायाने पिशवी उघडली, वास घेतला, पिशवी बंद केली आणि मलाच हात जोडून नमस्कार केला. माणसं फार सभ्य आहेत.

आमच्यासोबत श्रीयुत चुआ म्हणून एक दुभाषे आले आहेत. टक्कल, काळी पेटी, सीमेवरच्या गावात वाढलेले म्हणून थाई अस्खलित. पेनांगच्या कोर्टात बावीस वर्षं दुभाषेगिरी केली आणि आजपर्यंत एक शब्द गाळला नाही असं स्वतःच सांगतात. हे ऐकून बेंग हॉकला फार बरं वाटलं होतं. मला तेव्हाच वाटायला हवं होतं, की जो माणूस एकही शब्द गाळत नाही त्याची बायको कुठे आहे. (ती माहेरी आहे. मी चौकशी केली.)

सोमवारी सकाळी आम्हाला अनाथघरात नेलं. वर पंखा, समोर टेबल, टेबलामागे सिरिपॉन नावाची अधिकारी मुलगी. परदेशात शिकून आलेली, इस्त्रीच्या घडीचा स्कर्ट, तशीच इस्त्रीची जिवणी. दार उघडलं आणि पोरांना आत आणलं. दोघांचे केस ओले करून चापून बसवलेले, तोंडाला पांढरी पावडर, जशी काही तळायला पिठात घोळवलीत. पोरगी भावाचा कान धरून उभी. हात नव्हे, कान. लेचूच्या घशातून कसलासा आवाज आला आणि ती खुर्चीवरून अर्धी उठून तशीच राहिली. बेंग हॉक, जो लिफ्टा दुरुस्त करतो आणि आठव्या मजल्यावर दोरीला लटकून डबा खातो, तो माझा पदर असता तर माझ्या पदरामागे लपला असता. आता तूच सांग, घरात यायचं पोर पहिल्यांदा बघितल्यावर शहाणी बाई काय म्हणते? तेच मी म्हटलं. म्हटलं, काय ही रूपं, माकडिणीनेसुद्धा परत केली असती. पोरगीचं नाक चेपलेलं, पोरगा डुकराच्या पिल्लासारखा, दोघांना वास मारतोय, कुत्रं हुंगणार नाही. चांगलं ठासून, वर पंख्याकडे बघून म्हटलं, कारण जे ऐकायला टपलेले असतात ते वरच बसतात. हे सगळं तू माझ्या बेंग हॉकला बघून माझ्यापेक्षा दुप्पट म्हणाली होतीस, म्हणून तर तो आज पंचेचाळीस किलोची मोटर एकटा उचलतो.

आणि श्रीयुत चुआंनी उठून, कोट नीट करून, त्याचं भाषांतर केलं. माकडिणीसकट. कुत्र्यासकट. 'ठासून' म्हटलं होतं म्हणून ठासून.

सिरिपॉनने लिहून घेतलं. मग तिने कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली, की ज्या घरातली आजी मुलांना अशी घृणेने बघते त्या घरात मुलं पाठवायची की नाही हे मंडळ गुरुवारी ठरवेल. तोवर पोरं अनाथघरातच. आम्ही दुपारी दोन तास बागेत भेटायचं, तेही पहारेकरीण समोर ठेवून. लेचू तिथेच रडायला लागली. बेंग हॉक मला म्हणाला, "आई, तुला तोंड बंद ठेवायचे पैसे द्यायला हवे होते." मी चुआंना बाहेर गाठलं. म्हटलं, अहो, तुमच्या आजीने तुम्हाला लहानपणी काय म्हटलं होतं? ते म्हणाले, "सडका मुळा." मग म्हटलं, माहीत होतं तर सांगायचं नाही का त्या मुलीला? तर म्हणतात कसे, "आजीबाई, मी शब्द पोचवतो. अर्थ पोचवायचा परवाना माझ्याकडे नाही."

मग तीन दिवस बाग. बाग म्हणजे एक फणस, दोन झोपाळे आणि ती पहारेकरीण. लेचू पोरगीसमोर बाहुली धरायची, पोरगी बाहुलीकडे न बघता भाताचा गोळा फ्रॉकच्या खिशात ढकलायची. रोज. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसल्यावर मीही तेच केलं असतं, फक्त मी पानात गुंडाळला असता. मंगळवारी मी तिला पान दिलं. तिने गोळा गुंडाळला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पान आत, गोळा आत, तोंड बंद. पोरगा त्याहून वाईट. तो येऊन माझ्या पावलावर बसला. बाकडं मोकळं, झोपाळा मोकळा, पण याला माझा डावा पाय हवा. दोन तास बसला. पाय इतका सुन्न झाला की चपला शोधायला बेंग हॉकला खाली वाकावं लागलं. त्याला उठव म्हणून लेचू म्हणाली, तर मी म्हटलं, कशाला, त्या पायाला तसंही काही काम नव्हतं. या सगळ्या वेळात मी दोघांना आपल्या भाषेत 'घाणेरडे' म्हणत होते, हळूच, पहारेकरणीला ऐकू जाणार नाही असं. बुधवारी आम्ही निघालो तेव्हा पोरगी फाटकाशी आली आणि तिने मला हाक मारली, "घाणेरडे." तिला आपला तेवढाच शब्द येतो, आणि ते माझं नाव आहे असं तिला वाटतं.

त्या रात्री बेंग हॉकने मला पाच वाक्यं लिहून दिली. मुलं सुंदर आहेत. मुलं गुणी आहेत. अशीच. म्हणाला, गुरुवारी मंडळासमोर एवढंच म्हण, बाकी एक अक्षर नको. मी पाठ केली. पण तुआ-ची, पाठ करणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. माझ्या थोरल्या पोरीचं तुला सांगायला नको. बाजारात ती मासेवाली म्हणाली होती, काय गोरी, काय गुबगुबीत, आणि मी तिला गप्प करायच्या ऐवजी हसले. त्यानंतर ती आठ दिवस राहिली. ते तुला माहीत आहे, बेंग हॉकला माहीत नाही. त्याला मी काय सांगू, की म्हटलं नाही तर पोरं मिळणार नाहीत आणि म्हटलं तर मिळालेली राहणार नाहीत?

आज सकाळी मंडळ बसलं. लांब टेबल, पाच माणसं, मधोमध अध्यक्षीणबाई, माझ्याहूनही म्हाताऱ्या, चांदीच्या केसांचा अंबाडा, हातात पंखा. पोरं भिंतीशी स्टुलावर, पोरगीच्या हातात भावाचा कान. सिरिपॉनने सोमवारचा कागद वाचला. माकडीण ऐकून एक जण पाणी प्यायला. मग मला विचारलं, या मुलांबद्दल तुमचं मत काय? बेंग हॉकचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. मी उठले, तोंड उघडलं, आणि 'मुलं' एवढं म्हणून माझी जीभ टाळूला चिकटली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोपऱ्यात कुंडी होती, कसलंसं रुंद पानांचं झाड. मी त्या झाडाकडे वळले आणि म्हटलं, हे झाड फार सुंदर आहे. याचे डोळे बघा कसे आहेत. आपल्या धाकट्याला कानाला धरून सांभाळतं, जेवायला मिळालं तर उद्याचा विचार करतं, असं शहाणं झाड मी आयुष्यात बघितलं नाही. आणि ते लहान झाड, ते पायावर बसतं. दोन्ही झाडं मला घरी न्यायची आहेत. नाही दिलीत तर मी या खोलीतून उठत नाही.

श्रीयुत चुआंनी एकही पान न गाळता भाषांतर केलं. बेंग हॉकने डोळे मिटले. सिरिपॉन कुंडीकडे बघायला लागली, की याला डोळे आहेत कुठे. ती अध्यक्षीणबाईंना म्हणाली, की आजींची प्रकृतीही तपासून घ्यायला हवी.

अध्यक्षीणबाईंचा पंखा थांबला. त्यांनी सिरिपॉनला विचारलं, "पोरी, घरी तुला काय म्हणतात?" ती लाल झाली. म्हणाली, "मू." चुआ माझ्या कानात म्हणाले, "डुक्कर." बाई म्हणाल्या, "का गं, डुक्कर का?" "आई म्हणते मी जाड होते म्हणून." "जन्मताना वजन किती होतं?" "दोन किलो." "दोन किलोचं डुक्कर तू कुठे बघितलंस?" मग बाईंनी पंख्याने टेबलावरच्या एकेकाकडे दाखवलं आणि प्रत्येकाने मान खाली घालून घरचं नाव सांगितलं. उंदीर. मुंगी. पाणी पिणारा तो बेडूक. चौथ्या गृहस्थांना, ज्यांच्या छातीवर दोन बिल्ले होते, घरी 'टकल्या' म्हणतात, आणि टक्कल त्यांना पाळण्यातही होतं. "आणि मी," बाई म्हणाल्या, "बहात्तर वर्षं झाली, अजून कुरूपच आहे. म्हणून तर बहात्तर झाली." मी एवढा वेळ एका भरल्या गोठ्यासमोर उभी राहून घाबरत होते.

मग बाईंनी मला विचारलं नाही की पोरं खरंच कशी आहेत. विचारलं असतं तर मला पुन्हा कुंडी शोधावी लागली असती. त्या सिरिपॉनला म्हणाल्या, "आजीचं मत या रकान्यात लिही, दिसायला वाईट, स्वीकार आहे. सही घे." मी सही केली. माझी सही बघून बिल्लेवाल्या टकल्यांनी विचारलं, हे अक्षर आहे की डाग. मी म्हटलं, दोन्ही. लेचू उठून पोरांपाशी गेली आणि पोरगीने भावाचा कान सोडला. उजव्या हाताने तिने लेचूचा कान धरला. लेचू आता दुपारभर मान वाकडी करून हिंडते आहे, सांगितलं तरी सरळ करत नाही.

उद्या कागदांवर शिक्के, परवा पासपोर्ट, रविवारी दुपारी आम्ही घरी. तेव्हा तुझी प्रकृती सांभाळ, थंड पाणी पिऊ नकोस, आणि सुनेला माझे आशीर्वाद (गाळू नकोस).

तुझी धाकटी,
गाइक इम

ता. क. हे पत्र श्रीयुत चुआ उद्याच्या विमानाने आणून तायपिंगला तुझ्या हातात देतील. पाकीट घट्ट चिकटवलं आहे, नाहीतर वाचून त्याचंही थाई करतील. आता मुद्द्याचं. लेचूने गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. रविवारी फाटकाशी वीस बायका उभ्या असतील, सगळ्या हल्लीच्या, आणि प्रत्येक जण 'किती गोड' म्हणणार. मी एकटी किती जणींना पुरणार? चार दिवसांत माझा साठा संपला, काल तर तेच तेच शब्द फिरून आले. सगळ्या नातेवाइकांत तुझ्याइतकं वाईट तोंड कुणाचं नाही. शनिवारच्या बसने ये, गुडघा घेऊन ये. फाटकाशी खुर्ची टाकून देईन. पोरं उतरली की सुरू कर.

ता. क. दुसरा. पोरं दिसायला खरी कशी आहेत हे तू विचारशील. जे ऐकतात त्यांना वाचताही येतं का, असं मी चुआंना विचारलं. ते म्हणाले, या बाबतीत कोर्टात कधी पुरावा आला नाही. तेव्हा लिहीत नाही. येताना चष्मा आण.

ता. क. तिसरा. (सूनबाई, हे तिच्या कानाशी जाऊन वाच, शेजारीण बसली असेल तर तिला उठव.) दोन वर्षांपूर्वी लेचूने हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा मी जेवताना म्हटलं होतं, की परकी ती परकीच. तू मान डोलावलीस आणि तोच शब्द पुन्हा म्हणालीस. लेचू मोरीत भांडी घासत होती. पाणी सुरू होतं, पण तिने ते ऐकलं, कारण त्यानंतर बराच वेळ तिने एकच ताट घासलं. तर रविवारी माकड म्हण, डुक्कर म्हण, सडका मुळा म्हण. नाक आहे, दात आहेत, चार कान आहेत, तुला कमी पडणार नाही. तेवढा एक शब्द फाटकाबाहेर ठेवून ये. तो खोटा झाला आहे, आणि वर बसलेल्यांना फसवायचं असलं तरी इतकं खोटं मला बोलवणार नाही.