कुंकू लावलेल्या फलंदाजाची वाटणी

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो. कोर्टाच्या फाटकासमोर बसणाऱ्या टंकलेखकाच्या पाटीवर 'मृत्यूपत्र करून मिळेल' असे लिहिले आहे, त्यात 'त्यू' दीर्घ. मी नम्रपणे सांगितले की मृत्यू एकटा असला तर दीर्घ. समासात आला, शेजारी दुसरा शब्द बसला, की ऱ्हस्व होतो. ते म्हणाले, "काका, त्यानं माणूस मरायचा थांबतोय व्हय?" म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, ऱ्हस्व लिहीत आहे.

मी, रामकिसन कडूबा दांडगे, वय चोपन्न, शिक्षण संस्कृत घेऊन एम. ए., व्यवसाय एका दैनिकाचा वार्ताहर, राहणार मुकुंदवाडी स्टेशनजवळ, माझे डोके ठिकाणावर असताना व कोणी हात धरून लिहवून घेत नसताना, पुढील व्यवस्था करून ठेवतो. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे.

एक. राहते घर, दोन खोल्या व वरची गच्ची, पत्नी द्वारकाबाई हिला. बँकेतली शिल्लकही तिलाच. पासबुक तांदळाच्या डब्यात आहे. ते तिनेच तिथे ठेवले, तरी सांगतो. कारण ती वस्तू इतकी जपून ठेवते की पुढे तिलाच सापडत नाही.

दोन. स्कूटर मुलगा मेधातिथी याला. हे नाव ठेवल्याबद्दल त्याने मला अजून माफ केलेले नाही. शेंद्र्याच्या कंपनीत त्याला 'मेधा मॅडम' या नावाने पत्रे येतात. घरी तो मेधू. स्कूटरच्या ब्रेकवर विश्वास ठेवू नये.

तीन. संस्कृत शब्दकोश चुलतभाऊ सांडू याला. "मेलेली भाषा शिकून काय मिळालं रे?" असे तो मला प्रत्येक लग्नात, पंगतीत, सर्वांदेखत विचारतो. आता भाषा आणि मी एकाच बाजूला असू. कोश उघडून आम्हा दोघांनाही निवांत विचारावे.

चार. दैनिकाच्या कचेरीस विनंती. तीस वर्षे माझी बातमी 'आमच्या वार्ताहराकडून' अशी छापली. निधनवार्तेत तरी नाव घालावे.

पाच. क्रिकेटचे कार्ड. हे कलम लांबेल.

आमच्या शाळेच्या दिवसांत च्युइंगमच्या पाकिटातून खेळाडूचे चित्र असलेले कार्ड निघायचे. मी आणि माझा मित्र गयास ती जमवायचो. त्यातला एक फलंदाज छापताना उलटा झाला होता. उजव्या हाताचा माणूस डावखुरा दिसे. पोरांच्या बाजारात त्या 'उलट्या'ला कुणी विचारत नव्हते. एका अदलाबदलीत गयासने तो मला वरून फुकट दिला. यंदा दिवाळीआधी मेधूने मोबाइलवर पाहिले, तसाच उलटा फलंदाज परदेशात विकला गेला होता. चूक छापलेली कार्डे दुर्मीळ, म्हणून महाग. त्या किमतीत माझे मुंबईचे ऑपरेशन होऊन गच्चीवर एक खोली चढली असती. गयास म्हणाला, "वो उल्टा? वो तो मैं तेरे कू कचरा समझ के दिया था रे." अशी कार्डे विकत घेणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याची फोनवर एकच अट होती: कार्ड कोरे हवे, डाग चालणार नाही.

मेधूने ते आईच्या हातात दिले. "आई, लई जपून ठेव. पप्पांचा जीव आहे यात."

आता, आमच्या घरात किमती वस्तू जपण्याची एकच रीत आहे. लक्ष्मीपूजनाला द्वारकाने पाटावर तिची पोत मांडली, पासबुक मांडले, शेजारी तो फलंदाज ठेवला. आणि ओल्या कुंकवाचे बोट बरोबर त्याच्या कपाळावर टेकवले. हळद वाहिली, अक्षता टाकल्या, आणि बराच वेळ हात जोडून बसली. मेधूने पाहिले तेव्हा त्यानेच घाईने ओले फडके फिरवले. कुंकू पसरले आणि फलंदाजाचे कपाळ सोलून निघाले.

व्यापाऱ्याने फोटो पाहून सांगितले, मार्केट व्हॅल्यू शून्य.

मेधू आईला म्हणाला, "तुझ्या बोटानं पप्पा गेले." मी तेव्हा समोरच बसून चहा पीत होतो.

द्वारका म्हणाली, "म्या तर बरं व्हावं म्हणून लावलं, बाबा."

त्यानंतर ती दोघे एकमेकांशी बोललेली नाहीत.

येथे स्पष्ट नोंदवतो की गाठ दसऱ्याच्या आधीच ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती, असे डॉक्टरांनी दिवाळीनंतरच्या तपासणीत सांगितले. कार्ड कोरे असते तरी माझा निकाल हाच होता. हे मी दोघांना सांगून पाहिले. मेधू म्हणतो, "तुम्ही आईची बाजू घेताय." द्वारका म्हणते, "पोराचं खरंय." दोघांचे एकमत आहे ते एवढ्या एकाच मुद्द्यावर, आणि तो चूक आहे.

सध्या घरात निरोप मी पोचवतो. "त्याला म्हणावं, डबा भरलाय." "तिला म्हणा, भूक नाय." आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत. आयुष्यभर जिल्हाभर हिंडलो, शेवटी वार्तांकनाला हे क्षेत्र मिळाले.

तरी सदर कार्ड मी द्वारका व मेधू यांना समाईक ठेवतो, वाटणी न करता. ते विकणे, फेकणे किंवा देव्हाऱ्यात ठेवणे, जे करायचे ते दोघांनी समोरासमोर बसून, तोंडाने बोलून ठरवावे. मोबाइलवरचा मेसेज किंवा गयासमार्फत आलेला निरोप ग्राह्य धरू नये. उरलेले कुंकू पुसू नये.

सहा. गयास साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात, म्हणून त्याला काही ठेवलेले नाही. तो रुसला आहे. "चालीस साल की दोस्ती, और मेरे कू खाली दस्तखत?"

शेवटी, कायद्याला नको असलेली एक गोष्ट लिहितो. मरणाची भीती वाटते, ती वाटणारच. पण त्याहून जास्त भीती ही आहे की तेरावा होईल, पाहुणे जातील, आणि ही दोघे त्या कार्डाचा विषयच काढणार नाहीत. ते जिथे आहे तिथेच पडून राहील. ती आत जेवेल, तो बाहेर जेवेल, आणि निरोप न्यायला मी नसेन.

सही: रामकिसन कडूबा दांडगे

आमच्यासमक्ष सही केली:
१. गयास खान मुख्तार खान, फोटोफ्रेमचे दुकान, पडेगाव
२. काकासाहेब म्हस्के, शेजारी, मुकुंदवाडी

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ डिसेंबर २०२३